स्लायडरवर ‘एन्व्हलप’ का चालत नाही?

तुम्ही विचारलंय की भिंतीवरून घसरणारी शिडी जिओजिब्रात (भूमितीच्या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्लायडरने, म्हणजे एक संख्या सरकवत बदलणाऱ्या पट्टीने काढली, ट्रेस (सरकताना मागे उमटणाऱ्या खुणा) लावला, कडेला सुंदर वक्र उमटला. पण त्याचं समीकरण मागितलं तर एन्व्हलप आज्ञा (सरकत्या रेषांना स्पर्श करत जाणारा वक्र शोधणारी) काहीच देत नाही.

त्या आज्ञेला स्लायडर नको असतो, कशाला तरी बांधलेला सरकता बिंदू लागतो. शिडीचं खालचं टोक ‘अ’ क्ष-अक्षावर ठेवा. ‘अ’ केंद्र आणि शिडीची लांबी त्रिज्या धरून वर्तुळ काढा. ते य-अक्षाला छेदेल तिथं ‘ब’. आता आज्ञेत आधी रेषाखंड अब आणि मग बिंदू ‘अ’ द्या. लांबी १ असेल तर (क्ष² + य² − १)³ + २७क्ष²य² = ० येतं. हा ॲस्ट्रॉइड, चार टोकांचा ताऱ्यासारखा वक्र. उत्तर अख्ख्या रेषेचं असतं, नुसत्या तुकड्याचं नव्हे, हे ध्यानात असू द्या.

मागचं गणित जुनंच आहे: सरकत्या रेषांचं किंवा वक्रांचं समीकरण आणि ‘ट’च्या (ज्या संख्येनुसार ते सरकतात तिच्या) संदर्भात त्याचं विकलन, दोन्ही शून्य धरायची आणि ‘ट’ काढून टाकायचा. संगणक हे बहुपदींवर करतो. म्हणून कोन, साइन, कोसाइन यांवर उभी केलेली रचना अडते. तिथं वर्तुळावरचा बिंदू घ्यावा. स्लायडर सोडायचाच नसेल तर ‘ट’ आणि ‘ट + ०.००१’ च्या रेषांचा छेदनबिंदू काढून त्याचा लोकस (त्या बिंदूचा मार्ग) घ्या. समीकरण मिळणार नाही, पण चित्र जवळजवळ अचूक येतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी विद्यार्थ्यांना दरवेळी बजावतो: आलेलं उत्तर डोळे झाकून मानू नका. (य − ट)² = क्ष³ हे वक्र घ्या. ‘ट’ काढला की क्ष = ० उरतं. पण ती रेषा एकाही वक्राला स्पर्श करत नाही! ती फक्त त्यांच्या टोकदार बिंदूंमधून जाते, आणि तिथली स्पर्शिका तर आडवी आहे. म्हणून ट्रेस चालू ठेवून उत्तर त्यावर टाकून बघायचंच.

शिडी जमली की पुढं हे करा. आम्ही कोल्हापूरकर, घरात हुपरीचं चांदीचं कडं असतंच. आतून चकचकीत असलेलं कडं सकाळच्या तिरप्या उन्हात पांढऱ्या कागदावर आडवं ठेवा, आत टोकदार उजळ वक्र दिसेल. जिओजिब्रात वर्तुळावर बिंदू ‘प’ घ्या, त्यातून आडवी रेषा काढा, केंद्र आणि ‘प’ जोडणाऱ्या रेषेत तिचं प्रतिबिंब घ्या, आणि ते प्रतिबिंब व ‘प’ एन्व्हलपला द्या. नेफ्रॉइड, म्हणजे दोन टोकांचा मूत्रपिंडासारखा वक्र येईल. त्याचं टोक केंद्रापासून अर्ध्या त्रिज्येवर असतं. कागदावर पट्टी लावून मोजलं, तेव्हा आमच्या कड्यातही ते तिथंच होतं.