लिथियम आणि आंब्याचा मोसम

प्रिय मित्रा,

डॉक्टरांनी 'बायपोलर' लिहून मनाचे चढउतार आवरणारं लिथियम हे औषध सुरू केल्यापासून घरात दोन तट पडलेले दिसतात. काका म्हणतात बाहेरचं आहे, आई म्हणते झोप मिळाली की होईल ठीक. काकांना देवळात गाऱ्हाणं घालायचं तर घालू देत, त्याने अपाय नाही. गोळी मात्र त्या दिवशीही चुकवू नकोस. आईचं म्हणणं अर्धं खरं आहे, त्याकडे येतोच.

शिमग्यात तीन तास झोपून आठ दिवस तू ताजातवाना होतास, तोंड थांबत नव्हतं, कर्ज काढून दोन बागा करारावर घ्यायला निघालास, अडवलं की अंगावर जायचास. हा उन्माद. पावसाळ्यात अंथरूण सुटेना, ते नैराश्य. ही दोन्ही टोकं मिळून बायपोलर. लोक दुसऱ्यालाच आजार म्हणतात, कारण पहिल्यात माणूस खुशीत दिसतो. गोम इथेच आहे. नैराश्य तेवढं सांगितलं तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्या मिळतात, आणि त्या एकट्या घेतल्या की काही जण थेट उन्मादात जातात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलास तरी शिमग्याचे ते आठ दिवस आधी सांग.

आता लिथियम. हा एक क्षार आहे, आणि मूत्रपिंड त्याला बरंचसं मिठासारखंच वागवतं. अंगातलं मीठ-पाणी घटलं की ते मीठ धरून ठेवतं, सोबत लिथियमही. रिपोर्टवर रक्तातल्या लिथियमची पातळी 0.6 ते 1.0 साधारण ठीक, 1.5 च्या वर विषबाधेची भीती. वाट इतकी अरुंद आहे, आणि एप्रिल-मेच्या काढणीत सदरा पिळून काढावा इतका घाम जातो. तेव्हा पेजेत नेहमीचं मीठ राहू दे, पाणी जवळ ठेव, कोकम सरबतही चालेल. बीपीवाल्या काकांचं बघून मीठ एकदम तोडू नकोस. उलट रोज खारवलेली मासळी खायला लागलास तर पातळी उतरेल. निर्जळी उपास नाहीच.

पेट्या उचलून कंबर धरली की मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणायची आपल्याकडची सवय. त्या दोन्हींनी लिथियम चढतं. पॅरासिटामॉल घे. बीपीच्या काही गोळ्यांनीही तेच होतं, म्हणून कुठलंही नवं औषध विचारल्याशिवाय नको.

रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. रात्री नऊला घेतलीस तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर रक्त दिल्यावर. गोळी घेऊन गेलास तर आकडा खोटा वर येतो आणि डोस उगाच कमी होतो. डोस बदलला की 5 ते 7 दिवसांनी तपासणी, पातळी बसली की दर तीन महिन्यांनी; थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) दर सहा महिन्यांनी.

कपातला चहा थोडा हलतो, तहान लागते, लघवीला जास्त जावं लागतं, हे बऱ्याच जणांना होतं. पुढच्या भेटीत सांग. चहा बशीत सांडायला लागला, उलट्या-जुलाब झाले, जीभ जड पडली, चालताना तोल गेला, तर पुढची गोळी थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. एरवी बरं वाटतंय म्हणून स्वतःहून एकदम बंद करशील तर उन्माद लवकर परततो. एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नकोस.

आता आईची गोष्ट. जागरणाने उन्माद उसळतो, म्हणून वाशीच्या गाडीसाठी रात्रभर पेट्या भरायचं काम भावाकडे दे, तू दिवसाचं घे. गणपतीत आरतीला हो, भजनाला बस, पण अकराला घरी. वहीत रोज झोपेचे तास लिही. दोन रात्री पाच तासांखाली झोप आणि तरी थकवा नाही, असं दिसलं की तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. जीव नकोसा वाटला तर आईला उठव आणि 14416 लाव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

पुढच्या खेपेला ती वही आणि जुने रिपोर्ट दोन्ही आण.