ऊर्ध्वपातन, आसवन आणि 'गाळणं'

प्रश्न असा: मुलगी नागपुरात मराठी माध्यमात शिकते. कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल वेगळं काढण्याला तिच्याकडे 'भागशः ऊर्ध्वपातन' म्हणतात, शिकवणीच्या सरांच्या हिंदी पुस्तकात 'प्रभाजी आसवन'. वर हिंदीत 'ऊर्ध्वपातन' म्हणजे कापूर उडतो ते! चुकलं कोण?

कोणीच नाही. शब्द रसशास्त्रातला, म्हणजे आयुर्वेदातल्या पारा-धातूंच्या विद्येतला आहे. पाऱ्यावर करायच्या अठरा संस्कारांतलं एक 'पातन' (पाडणं), आणि त्याचे प्रकार तीन: ऊर्ध्व, अधः, तिर्यक्. ऊर्ध्वपातनात खालच्या मडक्यातला पारा वाफ होऊन वरच्या मडक्याला आतून चिकटतो. हिंदीने हे वर जाऊन चिकटणं उचललं; आपण त्याला संप्लवन म्हणतो. वाफ नळीने शेजारच्या भांड्यात उतरवली की ते तिर्यक्पातन. म्हणजे शाळेतल्या चंबूच्या (डिस्टिलेशनच्या) प्रयोगाला खरं नाव तेच हवं होतं.

रिफायनरीच्या मनोऱ्याला मात्र आपला शब्द चपखल बसतो. साधारण ३५० अंशांच्या वर तापवलेलं तेल खालच्या बाजूने आत शिरतं, वाफा वर चढतात आणि जो तो आपापल्या मजल्यावर थंडावून ट्रेमध्ये पडतो. डिझेल खाली, त्याच्या वर रॉकेल (आमच्या आजीचं मातीतेल), नॅफ्था (पेट्रोल बनतं ते याच्यातूनच) आणि गॅस माथ्यावरून बाहेर. जे उडतच नाही ते तळाशी; डांबर त्यातलंच. चढणंही आलं, पडणंही आलं.

'आसवन' मला खटकतं. द्राक्षासव आंबवतात, त्याची वाफ कोणी धरत नाही. पण साखर कारखान्यांच्या 'आसवनी' (डिस्टिलरी) आपण मुकाट्याने चालवून घेतल्याच की.

खरा देशी शब्द या दोन्हींहून जुना वाटतो: गाळणं. उमरेडकडच्या एका खेड्यात मोहाची भट्टी पाहिली होती. चुलीवर मडकं, त्याच्या तोंडावर गार पाण्याचं भांडं, आणि त्या भांड्याच्या बुडाला जमून टपटपणारे थेंब. 'दारू गाळणं' म्हणजे चहासारखं गाळणीतून ओतणं नव्हे, गळायला लावणं.

उरलं रिफायनरीच्या कामाचं मराठी नाव, 'तेलशुद्धीकरण'. मनोऱ्यात तेल शुद्ध होत नाही, नुसतं वेगळं होतं. शुद्धीकरण म्हणायचं तर पुढे गंधक काढतात त्याला म्हणा: १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (भारत स्टेज हे प्रदूषणाचं मानक) डिझेलमध्ये ते दहा लाख भागांत १० च्या वर चालत नाही, आधीच्या बीएस-४ मध्ये ५० चालायचं.

मुलीला पेपरात ऊर्ध्वपातनच लिहू द्या. तपासणारा 'गाळणं' वाचून मार्क द्यायचा नाही.