पगार वाढवला, तरी सेटर का टिकत नाहीत?

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखानदारांचा प्रश्न अनेकांच्या तोंडी असतो: "चांगले सेटर एकामागून एक चाकणला गेले. पगार वाढवला, बोनस दिला. आणखी काय करू?" सेटर म्हणजे मशीनवर नवा जॉब, म्हणजे नवं काम, लावून मापं जुळवून देणारा कारागीर. त्यांच्याकडे सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारी) मशीन, तीन पाळ्या, गुरुवारची सुट्टी.

कामगाराला "नोकरी का सोडावीशी वाटते?" विचारलं की पगार हेच उत्तर येतं. म्हणून एकेकाला बाजूला बसवून विचारलं, "मागचे दोन आठवडे घरी कसे गेले?" मग खरं दुखणं बाहेर आलं. मुलांची शाळा रविवारी बंद, यांची सुट्टी गुरुवारी, आणि त्या दिवशीही ओव्हरटाइमला बोलावणं. पाळीचा तक्ता आदल्या संध्याकाळी कळायचा, त्यामुळे गावची जत्रा असो की बायकोची सोनोग्राफी, कुणाला शब्द देता येईना. वर पहिली पाळी करून झोपलेल्याला रात्री बाराला फोन: "ऑफसेट (मशीनमध्ये भरायचा मापाचा फरक) किती टाकलाय?"

फोन थांबवणं त्यातल्या त्यात सोपं. प्रत्येक जॉबचं सेटअप शीट बनवायचं: फिक्स्चरचा (पीस पकडून ठेवणाऱ्या साधनाचा) फोटो, जी ५४ चा झीरो (मापं मोजायचा शून्यबिंदू) कुठून घेतला, टूल नंबर, इन्सर्टचा (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याचा) ग्रेड, पहिल्या पीसची तपासायची मापं, टूल झिजलं की आधी कोणतं माप सरकतं. मग दुसऱ्या ऑपरेटरने सेटरला न विचारता, नुसत्या शीटवरून जॉब लावून दाखवायचा. तो जिथे अडेल, तिथे शीट अपुरं आहे.

पाळ्या उलट्या फिरत होत्या: तिसरी, दुसरी, पहिली. शरीराला झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. म्हणून पहिली, दुसरी, तिसरी, मग सुट्टी, असा क्रम लावला. तक्ता १५ दिवस आधी फळ्यावर. प्रत्येकाला आळीपाळीने महिन्यातून एक रविवार घरी.

ओव्हरटाइमपाशी मात्र बहुतेक मालक चुकतात. आराम मिळावा म्हणून तो एकदम बंद करतात. पण घराचा हप्ता त्याच दुप्पट दराच्या पैशांवर चाललेला असतो. तो तुटला की माणूस दुसरं गेट शोधतोच. आधी प्रत्येकाची मागच्या सहा महिन्यांची ओव्हरटाइमची सरासरी काढा. दोन प्रकारच्या मशीन लावता येणाऱ्याला कौशल्यभत्ता सुरू करा आणि मगच तास टप्प्याटप्प्याने उतरवा. एक जादा सेटर तयार झाला की वाचलेल्या ओव्हरटाइममधून भत्त्याचा बराच भार निघतो.

हे सगळं मोडतं ते महिनाअखेरीच्या डिस्पॅचला. "फक्त याच वेळी" म्हणून सुपरवायझरने एकदा सुट्टी रद्द केली की तक्त्यावर कुणाचा विश्वास राहत नाही. म्हणून इथे नियम असा ठरला: गुरुवारी बोलवायचं तर मालकांनी स्वतः विचारायचं, बदली सुट्टीची तारीख तिथल्या तिथे रजिस्टरात लिहायची, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचा राग पगारवाढीत काढायचा नाही.