कॉम्प्युटर सायन्सची डिग्री आणि प्रोग्रॅमिंगची नोकरी खरंच एवढी अवघड असते का?

बारावीला गणितात बेताचे मार्क, शाळा मराठी माध्यमाची, मग बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. ते ‘झेपेल का’ वाचलं आणि लिहायला बसले. एरवी मी इथे नुसती वाचून जाते.

डिग्रीचं आधी उरकते. पास होणं अवघड नाही. सी भाषा, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती रचून ठेवायच्या पद्धती), डीबीएमएस (डेटाबेस सांभाळणारी सिस्टीम), ऑपरेटिंग सिस्टीम, सगळ्याचे मागच्या वर्षांचे पेपर पाठ करून लोक फर्स्ट क्लास काढतात. जर्नल एकमेकांची बघून भरतात. माझ्या वर्गात लिंक्ड लिस्टचा (एकमेकांना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींचा) प्रोग्राम घडाघडा लिहिणारी मुलं होती, पण त्यातली एक ओळ खोडून ‘आता काय होईल’ विचारलं की छताकडे बघायची. बारावीचं इंटिग्रेशन फारसं पुन्हा भेटत नाही. भेटतं ते डिस्क्रीट मॅथ्स: संच, ग्राफ, तर्क. जड जाते ती थिअरी ऑफ कम्प्युटेशन, म्हणजे कॉम्प्युटरला मुळात काय करता येतं आणि काय नाही याचं शास्त्र. कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की चालतच राहील हे अचूक सांगणारा प्रोग्राम लिहिताच येणार नाही, असं अ‍ॅलन ट्यूरिंग या गणितज्ञाने १९३६ साली सिद्ध केलं. हे ज्याला मनापासून आवडलं त्याने डिग्री खुशाल करावी. बाकीच्यांनीही करावी, पण मग पुढे कुरकुर करू नये.

आता नोकरी. मी सिंधुदुर्गातली, गाव देवगड तालुक्यात. बारावीनंतर कॉम्प्युटरला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी फीसाठी आमची हापूसची कलमं दोन हंगामांच्या कराराने दिली. गणपतीला मुंबईहून आलेल्या मोठ्या काकांना ते कळलं. आरती आटपून सगळे पडवीत बसले होते, तिथेच म्हणाले, “ह्या तुका झेपाचा नाय गो. इंग्लिश मिडियमच्या पोरांचा काम ता. डी.एड. कर.” बाबा गप्प बसले. मला काकांपेक्षा त्या गप्प बसण्याचा राग जास्त आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

नोकरी लागली ती पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत. एका पतसंस्थेकडून तक्रार आली की काही सभासदांचं नाव शोधलं की ‘सापडले नाही’ येतं. यादीत तेच नाव डोळ्यांना दिसतं, शोधायला गेलं की नाही. आमच्याकडून सरळ उत्तर गेलं, ‘नाव नीट टाइप करा.’ मग एक दिवस शाखेचे मॅनेजर फोनवर कडाडले. मासे विकणाऱ्या एका बाईंना थकबाकीची नोटीस गेली होती. बाई रोज पिग्मी (एजंटकडे द्यायची रोजची छोटी बचत) भरत होत्या, पासबुकावर एजंटच्या सह्या होत्या, आणि त्या पिग्मीतूनच कर्जाचा हप्ता वळता व्हायचा होता. जामीनदारालाही नोटीस गेली, तो तर शाखेत येऊन टेबलावर हात आपटून गेला.

मला पाठवलं, कारण बाकी सगळे पुण्यात आणि मी एसटीने पोचण्यासारखी. शाखेत बसून न सापडणाऱ्या नावांची यादी हाताने कागदावर उतरवली. वऱ्हाडकर, गोऱ्हे, कुऱ्हाडे. पुन्हा वऱ्हाडकर. इंग्रजीत लिहून घेतली असती तर काहीच दिसलं नसतं. मराठीत लिहिताना हाताला कळलं: सगळ्यांत तो आडवा अर्धा र. राणे, परब, सावंत, एकाचीही तक्रार नाही.

मग स्क्रीनवर दिसणारं नाव बाजूला ठेवून आत साठवलेले कोड उघडले. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. ‘ऱ्ह’ त्यात दोन तऱ्हेने लिहिता येतो. एक, ऱ (०९३१), हलन्त, ह. दोन, साधा र (०९३०), हलन्त, मग न दिसणारा जोडक (२००डी), मग ह. दिसायला दोन्ही हुबेहूब, मशीनला मात्र वेगळी. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या डेटात दुसरी पद्धत होती. काउंटरवरची मुलगी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘J’ ची कळ दाबायची, म्हणजे पहिली. पिग्मी एजंटच्या मोबाइलमधूनही पहिलीच. खाते क्रमांक नसलेली नोंद नावावरून जुळवायची, आणि जुळली नाही तर नवा ग्राहक तयार करायचा, असं आमच्यातल्याच कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. त्या महाभागाला साष्टांग. बाईंचे पैसे रोज इमानेइतबारे नव्या खात्यात जात होते आणि जुन्या खात्यात कर्ज थकत होतं.

सीनियरना फोन केला. ते म्हणाले, “सिम्पल आहे, न दिसणारी सगळी कॅरेक्टर उडव.” मी डेटाच्या प्रतीवर उडवून त्यांना स्क्रीन दाखवला. वऱ्हाडकरांचे ‘वर्हाडकर’ झाले होते, ह च्या डोक्यावर रफार! ते म्हणाले, “बरं, मग नॉर्मलाइझ कर.” म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या कर. पण युनिकोडचं प्रमाणित नॉर्मलायझेशन या दोन पद्धती एक करत नाही, तेही करून दाखवलं. शेवटी नियम लिहिला: साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी, र-हलन्त-जोडक दिसला की त्याचा ऱ-हलन्त करायचा. कोड म्हणाल तर दोन ओळी.

काकांना हे सांगायचं राहून गेलंय. पुण्यातल्या इंग्लिश मिडियमच्या पोरांनी तीच नावं रोज स्क्रीनवर बघितली होती.

पण खरं काम त्या दोन ओळींनंतर सुरू झालं. दुबार झालेली खाती एकत्र करायची होती, आणि ते प्रोग्रामवर सोडता येईना. आमच्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे एकाच वाडीत एकाच नावाचे तिघे-चौघे. दोन खाती एकाची की दोन चुलत भावांची, हे कॉम्प्युटर कुठून सांगणार? मॅनेजर, क्लार्क आणि मी सहीची कार्डं काढून बसलो: बापाचं नाव, वाडी, पॅन, अंगठा. व्याज नव्याने मोजलं, दंड उलटवला. नोटीस मागे घेतल्याचं पत्र बाईंच्या हातात दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, “माका वाचूक येना नाय, तूच वाचून दाखव.” वाचून दाखवलं. जामीनदाराला वेगळं पत्र लागलं, त्याचा राग वेगळा होता.

तेव्हा नोकरीत अवघड काय, तर हे. प्रोग्रॅमिंगची भाषा कुठलीही महिन्या-दोन महिन्यांत हाताखाली येते. काय बिघडलंय ते कुणालाच माहीत नाही, सगळे म्हणतायत वापरणाऱ्याचीच चूक आहे, अशा वेळी खुर्चीत टिकून राहणं अवघड. ज्याला तासाभरात उत्तर हवं असतं त्याने या वाटेला जाऊ नये, मग गणितात शंभर असोत.

मराठी माध्यमाचं म्हणाल तर पहिली दोन सेमिस्टर पुस्तक वाचायला दुप्पट वेळ लागतो. तिथे मुलं खचतात आणि घरचे म्हणतात, बघ, सांगितलं होतं. त्यांचं ऐकू नका. एरर मेसेजचं इंग्रजी चार-पाचशे शब्दांचं असतं, तेच तेच. इंटरव्ह्यूला बोलायचं इंग्रजी वेगळं, त्याची तयारी मात्र वेगळी करा, मी केली नव्हती आणि दोन ठिकाणी त्यावरच नाकारलं. आणि डी.एड. सोपं म्हणून करा असं कुणी सांगितलं तर भरतीची वाट बघत वय निघून गेलेल्या दोघा-तिघांशी आधी बोला. आमच्याच वाडीत आहेत. (शिक्षकी वाईट असं मी म्हणत नाहीये. मला शिकवणाऱ्या बाई डी.एड.च होत्या.)

एक-दोन गोष्टी राहिल्या. माझं काम लहान कंपनीतलं, मोठ्या कंपनीत कदाचित वर्षभर एकाच स्क्रीनचं एक बटण सांभाळाल, तिथली डोकेदुखी निराळी. मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतोय, तेव्हा शेजाऱ्याचा मुलगा किती कमावतो यावर जाऊ नका. कोड आता एआयही लिहून देतो, वरच्या त्या दोन ओळी त्याने चुटकीसरशी दिल्या असत्या, मात्र आधी कुणीतरी त्याला अर्ध्या र बद्दल सांगायला हवं होतं. आणि गावात राहून नोकरी करायची स्वप्नं लगेच बघू नका. पहिली काही वर्षं मुंबई-पुण्यात काढा. पुढे घरून काम मिळालं तर लॅपटॉपच्या आधी इन्व्हर्टर घ्या, बॅटरी मोठी घ्या. जूनमध्ये फांदी पडून लाईट गेली की ती कधी येईल ते वायरमनसुद्धा सांगत नाही.