पीएचपीत रजिस्टर केलेला वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटरमध्ये काऊन दिसत नाही?

भाऊ, तुमचा ब्लॉक (पोस्टमध्ये टाकायचा तयार तुकडा) साइटवर बरोबर दिसून राहिला पण वर्डप्रेसच्या एडिटरमध्ये प्लसवर क्लिक केलं तर यादीत नाही, हेच ना? रजिस्टर_ब्लॉक_टाइप हे फंक्शन पीएचपीत लिहिलं म्हणजे सर्व्हरला ब्लॉक कळला, पण एडिटर चालतो ब्राउझरमध्ये, त्याला तोच ब्लॉक सहसा जावास्क्रिप्टमधूनही रजिस्टर करून द्यावा लागते, आणि नाव दोन्हीकडे अगदी सेम पाहिजे, एक डॅश इकडचा तिकडे झाला तरी "सपोर्ट नाही" असा मेसेज येते.

मी इथं नागपूरच्या कळमना मार्केटच्या संत्र्याच्या भावाचा ब्लॉक बनवला होता. जावास्क्रिप्टमधल्या एडिट फंक्शनमध्ये सर्व्हरसाइडरेंडर (सर्व्हरवर बनलेला ब्लॉक एडिटरमध्ये दाखवणारा तयार कंपोनंट) टाकलं, सेव्ह फंक्शनमधून नल म्हणजे काहीच नाही असं परत केलं, त्यामुळे पोस्टमध्ये ब्लॉकची फक्त एक एचटीएमएल कमेंट सेव्ह होते आणि एचटीएमएल दरवेळी रेंडर कॉलबॅक, म्हणजे पीएचपीतलं फंक्शन, बनवते, म्हणजे भाव बदलला की जुन्या पोस्टमध्येही नवाच दिसते, हे मला फार आवडलं.

पण प्रिव्ह्यूच्या जागी एरर येत होता, "इनव्हॅलिड पॅरामीटर, अॅट्रिब्यूट्स". अर्धा दिवस गेला. 'मंडी' नावाचा अॅट्रिब्यूट (ब्लॉकची एक सेटिंग) मी फक्त जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता, पीएचपीत नव्हताच, आणि सर्व्हर अनोळखी अॅट्रिब्यूट घेतच नाही.

म्हणून नाव, अॅट्रिब्यूट सगळं ब्लॉक डॉट जेसन या ब्लॉकच्या माहितीच्या फाइलमध्येच लिहा, दोन्हीकडे तीच फाइल वापरा. वर्डप्रेस ६.१ पासून त्यातच रेंडर फाइलचा पत्ता देता येते, वेगळा कॉलबॅक लिहायची गरजच नाही.