कॅनडातल्या सास्काटूनभोवती सगळं सपाटच दिसतं. इथे वर्षभर फोटो काढण्यासारखं काही आहे, की बॅन्फच्या डोंगरांतच जावं?

बॅन्फला एकदा जाऊन याच. पण वर्षभर कॅमेरा हातात राहावा असं वाटत असेल, तर प्रेअरीसारखी, म्हणजे इथल्या सपाट मैदानी मुलखासारखी, जागा नाही. मी सास्काटूनच्याच प्रांतात, सास्काचेवानमध्ये राहते आणि सुट्टीला शेतरस्त्यांवर भटकते, म्हणून खात्रीने सांगते.

आधी एक विनंती. पडकी घरं आणि गंजलेले ट्रक यांच्यामागे लागू नका. तसल्या फोटोंनी हा मुलूख ओसाड पडलाय असं वाटायला लागतं. ही चांगली कसलेली जमीन आहे. भारतात येणाऱ्या मसुरीतली बरीचशी इथेच पिकते. ऋतू बघायचे तर शेतीच्या कामांवरून बघा. अपवाद जुन्या लाकडी एलिव्हेटरांचा, म्हणजे धान्य साठवायच्या उंच कोठारांचा. १९३० च्या दशकात तिन्ही प्रेअरी प्रांतांत (अल्बर्टा, सास्काचेवान, मॅनिटोबा) मिळून ते ५००० हून जास्त होते. आता मोजके उरलेत आणि तेही पाडले जातात, त्यामुळे दिसला की टिपून ठेवा.

एप्रिल-मे चिखलाचे. कच्च्या रस्त्यात गाडी रुतते, पण बर्फाचं पाणी साचलेल्या खळग्यांवर बदकं उतरतात. जुलैत कॅनोला, म्हणजे मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक, फुलतो आणि नजर पोचेल तिथवर पिवळं होतं. त्याचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही जवसाचं शेत शोधा. विदर्भात जवस रब्बीत फुलते, इथे ती जुलैत निळी होते. मात्र सकाळीच जा, दुपारपर्यंत पाकळ्या गळून पडतात. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे जेवून निघालात तरी तिरपा उजेड मिळतो.

माझा जीव खरा सुगीत अडकलेला असतो. ऑगस्टअखेरपासून कंबाइन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, शेतात उतरतात आणि हवा कोरडी असेल तर मध्यरात्रीपर्यंत चालतात. दव पडून दाणा ओलावला की थांबतात. दिव्यांच्या झोतात उडणारा भुसा टिपायचा तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बेधडक न्या, शटर १/१२५ सेकंद ठेवा आणि कंबाइन तुमच्याकडे वळायची वाट बघा. त्याहून मोलाचं म्हणजे माणसं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने गव्हाची ओंबी तळहातावर चोळली, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणा दाताखाली फोडला. तेवढ्यावर त्याने ठरवलं, आज कापणी नाही. त्या हातांचा फोटो माझ्या सगळ्या सूर्यास्तांपेक्षा मला प्रिय आहे.

सूर्यास्तावरून आठवलं. इथली जमीन मैलामैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे, त्यामुळे रस्ते सरळ उत्तर-दक्षिण किंवा पूर्व-पश्चिम जातात. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य बरोबर पश्चिमेला जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाशी मावळतो. लांब पल्ल्याची लेन्स लावा, आणि गाडी रस्त्याच्या पार कडेला घेऊन उभी करा.

थंडीला घाबरू नका. उणे ३० मध्ये हवेत बर्फाचे कण तरंगतात आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य दिसतात. बर्फ फोटोत राखाडी येतो, कारण कॅमेरा त्याला मधल्या छटेवर ओढतो; एक ते दीड स्टॉप जास्त उजेड द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. घरात शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका, नाहीतर आतबाहेर दव धरेल.

आता महत्त्वाचं. विचारल्याशिवाय कुणाच्याही शेतात पाऊल टाकू नका. २०२२ पासून इथल्या कायद्यानेच आधी परवानगी लागते, कुंपण असो वा नसो. परवानगी मिळाली तरी बूट धुऊन जा, कारण कॅनोलाच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट रोग बुटांच्या मातीतून दुसऱ्या शेतात पोचतो. ओळखी कशा होणार म्हणाल, तर शरद ऋतूत गावोगावच्या सभागृहात फाउल सपर असतं, म्हणजे सुगीनंतरचं टर्कीचं सामुदायिक जेवण. तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं. पहिल्यांदा कॅमेरा गाडीतच ठेवा, जेवा, बोला. तोवर काढलेले फोटो छापून दुसऱ्या खेपेला न्या.