'पुट ऑफ' म्हणजे नेहमीच 'पुढे ढकलणे' का? वाक्यातला नेमका अर्थ कसा ओळखावा?

'पुट ऑफ' या फ्रेझल व्हर्बचा, म्हणजे छोटा शब्द जोडून बनलेल्या इंग्रजी क्रियापदाचा, 'पुढे ढकलणे' हा अर्थ तुम्ही पाठ केला होता; परंतु वाचनात 'द स्मेल पुट मी ऑफ' असे वाक्य आले आणि तो अर्थ तिथे कसाही बसेना, म्हणून कुठे कोणता अर्थ घ्यावा असे तुम्ही विचारले आहे. भाषांतराच्या कामात हे क्रियापद माझ्यासमोर सतत येत असते. शब्दकोशातले अर्थ ओळीने पाठ करण्यापेक्षा या क्रियापदाचे कर्म काय आहे, काम आहे की माणूस, हे आधी पाहावे, असे मी सुचवीन. बहुतेक वाक्ये तेवढ्यानेच सुटतात.

कर्म म्हणजे एखादी बैठक, सामना, निर्णय किंवा करायचे राहिलेले काम असेल, तर तुम्ही पाठ केलेला अर्थच लागू पडतो. 'दे पुट ऑफ द मीटिंग टिल मंडे' म्हणजे त्यांनी बैठक सोमवारपर्यंत पुढे ढकलली. मात्र इथेही एक छटा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'पोस्टपोन' हा शब्द औपचारिक आणि कोरा आहे. त्यातून कारण काय असावे याचा काहीच अंदाज येत नाही. 'पुट ऑफ'मध्ये मात्र, विशेषतः बोलणारा स्वतःच्याच कामाविषयी बोलत असेल तेव्हा, नाखुशीचा वास येतो. 'आय हॅव बीन पुटिंग इट ऑफ फॉर वीक्स' असे कोणी म्हणाले, तर त्याचे मराठी 'मी ते कित्येक आठवडे पुढे ढकलत आहे' एवढेच करून भागत नाही. 'कित्येक आठवडे माझी चालढकल चालली आहे' असे म्हटले की ते नीट उतरते. कार्यालयीन सूचनेत म्हणूनच 'पोस्टपोन' शोभतो, आणि दंतवैद्याकडे जायचे टाळणारा माणूस सहसा 'पुट ऑफ' म्हणतो. बैठक रद्दच झाली असेल तर मात्र या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे 'कॉल ऑफ' हवे.

कर्म माणूस असेल तर अर्थ पालटतो, आणि तुमचे वाक्य नेमके या गटातले आहे. 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासाने मला नकोसे झाले, माझे मन उडाले. कशावरून मन उडाले हे सांगायचे असेल तर ती गोष्ट 'ऑफ'च्या लगेच पुढे येते. 'दॅट इलनेस पुट मी ऑफ कॉफी' या वाक्यात कॉफी पुढे ढकललेली नाही. त्या आजारपणापासून कॉफीवरची वासना उडाली, असे बोलणाऱ्याला म्हणायचे आहे. इथे 'मी' आणि 'कॉफी' असे दोन शब्द 'ऑफ'च्या दोन बाजूंना उभे आहेत. अलीकडे कोण दूर झाले ते कळते आणि पलीकडे कशापासून ते कळते. हा साचा एकदा डोळ्यांत बसला की 'द लाँग फॉर्म पुट हिम ऑफ अप्लाइंग' यासारखे वाक्यही अडत नाही: तो लांबलचक फॉर्म पाहून अर्ज करण्याचा त्याचा उत्साहच मावळला.

माणूस कर्म असताना आणखी दोन अर्थ संभवतात. पहिला लक्ष विचलित करण्याचा. आकडेमोड करणारा माणूस शेजारच्याला 'स्टॉप टॉकिंग, यू आर पुटिंग मी ऑफ' असे म्हणतो, तेव्हा त्याला शेजाऱ्याची किळस आलेली नसते. बोलण्यामुळे त्याची बेरीज चुकत असते. हा वापर ब्रिटिश इंग्रजीत अधिक आहे. अमेरिकी माणूस अशा वेळी बहुधा 'थ्रो ऑफ' वापरतो. दुसरा अर्थ माणसाला टोलवण्याचा, आणि त्याच्यासाठी मराठीत 'बोळवण करणे' हा अगदी मापाचा शब्दप्रयोग आहे. 'ही पुट अस ऑफ विथ अ व्हेग प्रॉमिस', म्हणजे मोघम आश्वासन देऊन त्याने आमची बोळवण केली. 'विथ' आणि त्यापुढे सबब किंवा आश्वासन दिसले की हाच अर्थ समजावा.

हे सगळे अर्थ एकमेकांपासून फार लांब आहेत असे वाटते खरे, पण 'ऑफ'चा मूळ भाव 'दूर, अलग' असा धरला तर ते एका कुटुंबातले दिसू लागतात. काम काळाच्या हिशोबात दूर ठेवले की ते लांबणीवर पडते, आणि माणूस एखाद्या गोष्टीपासून मनाने दूर गेला की ती त्याला नकोशी होते. जुन्या इंग्रजीत तर हा भाव अगदी शब्दशः आढळतो. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये मोशेला पायांतली पादत्राणे काढायला सांगितले आहे, तिथे क्रियापद 'पुट ऑफ' हेच आहे. आज कपडे किंवा बूट काढण्यासाठी 'टेक ऑफ' म्हणतात. तसेच दिवा बंद करण्यासाठी 'पुट ऑफ' म्हणणे ही चूक नव्हे, पण 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' अधिक रुळलेले आहे.

कर्मणी रचनेत, म्हणजे ज्याच्यावर क्रिया घडते तोच कर्त्याच्या जागी येतो तेव्हा, 'ऑफ'नंतरचा शब्द मदतीला येतो. 'टिल' किंवा 'अनटिल' आले तर गोष्ट लांबणीवर पडली आहे. 'बाय' आले तर बहुधा कोणीतरी बिचकले आहे: 'डोन्ट बी पुट ऑफ बाय द कव्हर', मुखपृष्ठ पाहून पुस्तक बाजूला टाकू नका. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की 'द मॅच वॉज पुट ऑफ बाय अ वीक' या वाक्यातही 'बाय' आहे, पण तिथे तो कारण सांगत नसून सामना किती पुढे गेला ते सांगतो.

आता रचनेविषयी, कारण अर्थ कळूनही वाक्य चुकते ते इथे. कर्म नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालते: 'पुट द मीटिंग ऑफ' आणि 'पुट ऑफ द मीटिंग'. कर्म सर्वनाम असेल तर मात्र ते मध्येच यावे लागते. 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. उलट कर्म ऐसपैस असेल, त्याला 'व्हिच' वगैरे लावून शेपूट जोडलेले असेल, तर ते 'ऑफ'नंतरच ठेवावे. अन्यथा वाचणारा 'पुट'पासून 'ऑफ'पर्यंत ताटकळतो. पुढे दुसरे क्रियापद जोडायचे असेल तर त्याचे 'आयएनजी' रूपच लागते. मराठीतल्या 'जायचे टाळले'च्या धर्तीवर अनेक जण 'पुट ऑफ टू गो' लिहितात. तिथे 'पुट ऑफ गोइंग' हवे.

'पुट'चे भूतकाळी रूपही 'पुट'च असल्याने काळ ओळखताना गफलत होते. 'शी पुट इट ऑफ' या वाक्यात 'पुट'ला 'एस' नाही, एवढ्यावरून तो भूतकाळ ठरतो. वर्तमानकाळ असता तर 'पुट्स' आले असते. कर्ता 'आय' किंवा 'दे' असेल तर ही खूणही उरत नाही आणि मागच्यापुढच्या वाक्यांवरच विसंबावे लागते.

अशा क्रियापदांपाशी अडखळणारे तुम्ही एकटे नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवले आहे की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परकीयांना सर्वाधिक जड जाते. त्या काळी या रचनेला 'फ्रेझल व्हर्ब' हे नावही मिळालेले नव्हते. ते विसाव्या शतकात रूढ झाले.

एखादे वाक्य वरच्या कसोट्यांनीही सुटले नाही, उदाहरणार्थ 'द क्लायंट पुट अस ऑफ', तर घाई करू नये. ग्राहकाने आपल्याला टोलवले की त्याच्या वागण्याने आपलेच मन उडाले, हे एवढ्या पाच शब्दांवरून इंग्रजी मातृभाषा असलेल्यालाही सांगता येणार नाही. त्यासाठी पुढचे वाक्य वाचावेच लागेल.